मणिबेली ते वॉशिंग्टन : सरदार सरोवर आणि जागतिक बँकेची माघार

सातपुड्याच्या उत्तर उतारावर, नर्मदेच्या काठाने वसलेली महाराष्ट्राची ३३ गावे गुजरातमधील सरदार सरोवर धरणाच्या बुडीत क्षेत्रात येत होती; मणिबेली हे त्यांतलेच एक. त्या काळी हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ मध्ये. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील या गावांत भिल्ल, पावरा आणि तडवी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावरची शेते कसत होती, पण त्यांतील कितीतरी शेतांना सातबारा नव्हता. जमीन वनखात्याच्या नावावर आणि नांगर आदिवासीच्या हातात, अशी ही स्थिती होती. सरकारी दप्तरात असा शेतकरी ‘अतिक्रमणदार’ ठरत असे आणि अतिक्रमणदार म्हणजे पुनर्वसनाच्या यादीत भूमिहीन. या नोंदीवरून सुरू झालेला वाद आठ-दहा वर्षांत वॉशिंग्टनपर्यंत पोहोचला आणि जागतिक बँकेला आपली कर्जे, आपले नियम आणि अखेर आपली अंतर्गत रचना तपासावी लागली. आंतरराष्ट्रीय संस्था आपल्या भोवतालच्या राजकारणावर कसा प्रभाव टाकतात आणि त्याच राजकारणापुढे कशा वाकतात, हे समजून घेण्यासाठी इतके बोलके दुसरे प्रकरण मला माहीत नाही.

बँकेच्या करारनाम्यातील चौथ्या कलमाचा दहावा भाग येथे लक्षात ठेवला पाहिजे. बँक आणि तिचे अधिकारी यांनी कोणत्याही सदस्य देशाच्या राजकीय कारभारात हस्तक्षेप करू नये, त्या देशाच्या राजकीय स्वरूपाचा आपल्या निर्णयावर परिणाम होऊ देऊ नये आणि केवळ आर्थिक बाबींचाच विचार करावा, असे तो भाग सांगतो. कागदावर बँक अराजकीय आहे. मात्र चार राज्यांत वाटून घेतलेल्या नदीवरच्या धरणाला पैसा पुरवणे ही गोष्ट अराजकीय कधीच नव्हती. जवाहरलाल नेहरूंनी एप्रिल १९६१ मध्ये या प्रकल्पाची कोनशिला बसवली, १९६९ मध्ये नर्मदा जलविवाद न्यायाधिकरण नेमले गेले आणि डिसेंबर १९७९ मध्ये त्याचा निवाडा आला. तोवर गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि राजस्थान यांच्यातील भांडण पुरते मुरलेले होते. निवाड्याने २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी ९ गुजरातला दिले. महाराष्ट्राच्या वाट्याला पाव दशलक्ष एकर-फूट पाणी आणि २७ टक्के वीज आली. धरणाची उंची ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर ठरली. बुडणाऱ्या २४५ गावांपैकी १९३ मध्य प्रदेशात, ३३ महाराष्ट्रात आणि अवघी १९ गुजरातमध्ये होती. लाभ एका राज्यात आणि बुडीत मुख्यतः दुसऱ्या राज्यांत, हा या प्रकरणाचा राजकीय पाया आहे.

त्याच निवाड्याने त्या काळाच्या मानाने पुढारलेल्या अटीही घातल्या. पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या खातेदाराला जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर. सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब. आणि पाणी चढण्याच्या एक वर्ष आधी पुनर्वसन. सातबारा नसलेल्यांचे काय, हा प्रश्न मात्र निवाड्याच्या चौकटीबाहेर राहिला.

बँकेने मार्च १९८५ मध्ये धरण, वीज आणि कालवे यांसाठी मिळून ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रकल्पाला मान्यता दिली ती जून १९८७ मध्ये, तीही सशर्त, आणि आवश्यक अभ्यास पुढे पूर्ण करण्याच्या बोलीवर. म्हणजे कर्ज आधी आणि तपासणी मागाहून असा क्रम लागला. एकूण खर्चाच्या मानाने बँकेची रक्कम लहान होती, पण तिचे वजन वेगळेच होते. बँकेचा शिक्का बसला की इतर सावकार पुढे येतात. येथेही विद्युत यंत्रसामग्रीसाठी जपान सरकार कर्ज द्यायला तयार झाले. बँकेचा प्रभाव तिच्या पैशापेक्षा तिच्या पतीत होता, आणि आंदोलनाने पुढे नेमके याच पतीवर बोट ठेवले.

याच काळात बँकेत आणखी एक गोष्ट घडली होती. समाजशास्त्रज्ञ मायकेल चेर्निया यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये बँकेने सक्तीच्या विस्थापनाविषयी स्वतःचे धोरण लिहिले आणि १९८२ मध्ये आदिवासी समाजांविषयी. विस्थापितांचे राहणीमान पूर्वीइतके तरी राहिले पाहिजे, असे हे धोरण म्हणत होते, आणि आदिवासींच्या बाबतीत परंपरेने कसत आलेल्या जमिनीची दखल घ्यायला सांगत होते. धोरण लिहिणाऱ्यांना त्याची ताकद तेव्हा पूर्ण कळली असेल असे वाटत नाही. बँकेचा जो कागद अक्राणीच्या शेतकऱ्याला भूमिहीन मानायला तयार नव्हता, तो त्या शेतकऱ्याच्या बाजूचा पुरावा ठरणार होता.

१९८० च्या दशकाच्या मध्यास खोऱ्यात दोन वेगवेगळ्या वाटा पडल्या. गुजरातमधील आर्च-वाहिनी या स्वयंसेवी संस्थेने बँकेच्या धोरणाचा आधार घेत पुनर्वसनाच्या अटी सुधारून घेण्याचा आग्रह धरला. बँकेने १९८३ मध्ये पुनर्वसनतज्ज्ञ थेअर स्कडर यांना पाहणीसाठी पाठवले होते आणि त्यानंतर हा दबाव वाढत गेला. अखेर गुजरात सरकारने १९८७ च्या अखेरीस आपल्याकडील अतिक्रमणदारांना आणि सज्ञान मुलांनाही पाच एकर जमीन देण्याचे मान्य केले. बँकेच्या प्रभावाचे हे सर्वांत ठोस आणि सर्वांत कमी सांगितले गेलेले उदाहरण आहे. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मात्र तेवढे औदार्य दाखवले नाही. महाराष्ट्रात भूमिहीन ठरलेल्याला एक एकराची तरतूद पुढे झाली, आणि ज्याला पुनर्वसनासाठी शेजारच्या गुजरातमध्ये जायचे नाही त्याला वेगळा न्याय, अशी विषमता उभी राहिली. महाराष्ट्रात मेधा पाटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये नर्मदा धरणग्रस्त समिती उभारली होती. पुनर्वसनाची माहिती मागता मागता ही मंडळी प्रकल्पाच्याच विरोधात गेली आणि नर्मदा बचाओ आंदोलन उभे राहिले. दोन्ही गटांनी बँकेच्याच धोरणांचा वापर केला. एकाने पुनर्वसन सुधारण्यासाठी, दुसऱ्याने प्रकल्प थांबवण्यासाठी.

आंदोलनाने आपला आवाज बँकेच्या मुख्यालयाऐवजी बँकेला पैसा देणाऱ्यांच्या दारात नेला, हे या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल मला वाटते. ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, तेथे मेधा पाटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साक्ष दिली. वॉशिंग्टनमधील पर्यावरण संघटनांना ब्राझीलमधील पोलोनोरोएस्ते रस्तेप्रकल्पाच्या लढ्यातून हा मार्ग माहीत झाला होता. तेथे १९८५ मध्ये बँकेला कर्जाचे हप्ते थांबवावे लागले होते. १९९० मध्ये टोकियोत झालेल्या सभांनंतर जपानने आपले पुढील कर्ज रोखले. बँकेच्या अध्यक्षाला खोऱ्यातील सभा ऐकू आली नाही तरी चालते. संचालक मंडळावर बसलेल्या सरकारांचे त्याला ऐकावेच लागते.

डिसेंबर १९९० मध्ये बाबा आमटे आणि मेधा पाटकर यांच्यासह हजारो लोक बडवानीजवळच्या राजघाटावरून धरणाच्या दिशेने पायी निघाले. गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथे त्यांना अडवण्यात आले. पलीकडच्या बाजूला धरणाच्या समर्थकांची गर्दी होती, आणि मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांच्या सरकारचा तिला पाठिंबा होता. सौराष्ट्र-कच्छने नुकताच १९८० च्या दशकातला भीषण दुष्काळ सोसला होता. नर्मदेच्या पाण्याची त्यांची मागणी खोटी नव्हती, आणि ती खोटी मानणे हा खोऱ्याच्या बाजूने लिहिणाऱ्यांचा नेहमीचा दोष आहे. सीमेवर तीन आठवडे उपोषण चालले. जानेवारी १९९१ मध्ये ते संपले तेव्हा बँक प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी करण्याच्या दिशेने झुकली होती.

स्वतंत्र आयोग नेमणे ही बँकेच्या इतिहासातील पहिलीच गोष्ट होती. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स त्याचे अध्यक्ष झाले आणि कॅनडातील मूळनिवासींच्या हक्कांवर काम केलेले माजी न्यायाधीश थॉमस बर्जर उपाध्यक्ष. आयोगाला बँकेच्या फायली पाहण्याची मुभा होती आणि अहवाल बँकेने न बदलता प्रसिद्ध करण्याची हमी होती. धरण असावे की नसावे हे त्यांना विचारलेलेच नव्हते. पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन बाबतींत न्यायाधिकरणाचा निवाडा, कर्जाचा करार आणि बँकेची धोरणे पाळली गेली का, एवढेच त्यांनी पाहायचे होते. या मर्यादित प्रश्नामुळेच अहवाल इतका धारदार झाला. विरोधकांच्या कसोटीवर नव्हे, तर बँकेच्या स्वतःच्या कसोटीवर बँक मोजली गेली.

अहवाल जून १९९२ मध्ये आला. बुडीत क्षेत्रात किमान एक लाख माणसे राहतात आणि कालव्यांच्या जाळ्याने आणखी सुमारे १,४०,००० शेतकऱ्यांवर परिणाम होईल, पण कालवेग्रस्तांचा विचार कर्जाच्या वेळी जवळजवळ झालाच नाही. कोण किती जण हलणार याची मूलभूत पाहणीच नव्हती. आहे त्या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही. पर्यावरणावरील परिणामांचा नीट विचार झालेला नाही, असे त्याने स्पष्ट म्हटले. सातबारा नसलेल्या आदिवासीला भूमिहीन धरणे हे बँकेच्या धोरणाशी विसंगत आहे, हे त्यातील कळीचे निरीक्षण होते. मणिबेलीच्या माणसाने गावसभेत वर्षानुवर्षे जे सांगितले, तेच आता बँकेने नेमलेल्या माणसांच्या सहीने छापून आले. बँकेने प्रकल्पापासून एक पाऊल मागे घ्यावे आणि त्याचा नव्याने विचार करावा, अशी आयोगाची शिफारस होती.

बँकेचे उत्तर वेगळेच निघाले. अध्यक्ष लुईस प्रेस्टन यांच्या व्यवस्थापनाने आपले एक पथक भारतात पाठवले आणि त्याच्या पाहणीच्या आधारे संचालक मंडळापुढे सुधारणांचा कार्यक्रम ठेवला. पुनर्वसन आणि पर्यावरण यांबाबत काही ठरावीक उद्दिष्टे सहा महिन्यांत गाठावीत आणि तोवर कर्ज चालू राहावे, असा त्याचा आशय होता. ऑक्टोबर १९९२ च्या बैठकीत अमेरिका, जपान, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि नॉर्डिक देशांच्या संचालकांनी याला विरोध केला. त्यांच्या मतांचे वजन ४२ टक्के होते. तरी बहुमत व्यवस्थापनाच्या बाजूने राहिले. अमेरिकेच्या संचालकांनी बैठकीतच व्यवस्थापनावर वस्तुस्थिती झाकल्याचा आरोप केला.

हे का घडले, हे समजण्यासाठी १९९१-९२ चा भारत डोळ्यांपुढे आणावा लागतो. परकीय चलन संपत आले होते, नरसिंह राव यांचे सरकार आणि अर्थमंत्री मनमोहन सिंग आर्थिक सुधारणा करत होते आणि बँकेने डिसेंबर १९९१ मध्ये त्या सुधारणांसाठी ५० कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. भारत हा बँकेचा सर्वांत मोठ्या कर्जदारांपैकी एक होता. एका धरणासाठी हे संपूर्ण नाते ताणायची व्यवस्थापनाची तयारी नव्हती. दुसरीकडे कर्ज घेणाऱ्या देशांच्या संचालकांना वेगळीच भीती होती. ज्यांनी आपल्या नद्या पूर्वीच अडवल्या, ते श्रीमंत देश आता आम्हाला अटी घालणार, आणि उद्या हेच आमच्या प्रकल्पांबाबत होणार. ही भीती निराधार नव्हती. पण तिच्या आडोशाला धुळे आणि झाबुआ जिल्ह्यांतील आदिवासी पुन्हा एकदा दोन सरकारांमधला मुद्दा होऊन बसले. मतदानात त्यांचा आवाज त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या त्यांच्याच सरकारमार्फत मोजला गेला.

सहा महिन्यांच्या मुदतीने खोऱ्यात जे केले, त्याची नोंद बँकेच्या इतिवृत्तांत फारशी दिसत नाही. उद्दिष्टांमध्ये बाधित कुटुंबांची पाहणी होती. ज्या गावांनी सर्वेक्षकांना गावात यायचे नाही असे ठरवले होते, तेथे आता मुदत गाठण्यासाठी पोलीस बंदोबस्तात पाहणी करण्याचा प्रयत्न झाला. जानेवारी १९९३ मध्ये मध्य प्रदेशातील अंजनवाडा गावात त्यावरून पोलीस आणि गावकरी यांच्यात संघर्ष पेटला. लोकांचे नुकसान मोजण्यासाठी ठरवलेली मोजपट्टीच लोकांवर बळ वापरण्याचे कारण झाली. बँकेच्या सद्हेतूविषयी मला शंका नाही. पण बंदूकधारी पहाऱ्यात भरलेला कुटुंबाचा तक्ता हा पुनर्वसनाचा पुरावा होऊ शकत नाही.

३१ मार्च १९९३ ही मुदत होती. उद्दिष्टे गाठली गेली नव्हती आणि संचालक मंडळात दुसऱ्यांदा तेवढी मते मिळणे कठीण होते. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी भारत सरकारने जाहीर केले की उरलेल्या कर्जाची आम्हाला गरज नाही. ४५ कोटींपैकी सुमारे १७ कोटी डॉलर उचलायचे राहिले होते. या व्यवहारात दोघांचीही लाज राखली गेली. भारताने स्वाभिमानाने नकार दिला असे दिल्लीला सांगता आले, आणि बँकेला सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एकाचे कर्ज स्वतःहून तोडावे लागले नाही.

खरा हिशेब पुढे वॉशिंग्टनमध्ये झाला. बँकेची गरीब देशांना सवलतीचे कर्ज देणारी शाखा, आंतरराष्ट्रीय विकास संघटना, दर तीन वर्षांनी श्रीमंत देशांकडून निधी भरून घेते आणि १९९३ मध्ये त्याच्या दहाव्या फेरीची वेळ होती. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या संबंधित उपसमितीचे अध्यक्ष बार्नी फ्रँक यांनी सांगितले की बँकेने माहिती खुली करावी आणि तक्रार तपासणारी स्वतंत्र यंत्रणा उभारावी, त्याशिवाय पैसा मिळणार नाही. काँग्रेसने तीन वर्षांऐवजी दोनच वर्षांच्या रकमेला मंजुरी दिली. त्याआधी १९९२ मध्ये बँकेच्या स्वतःच्या वापेनहान्स अहवालाने एक तृतीयांशाहून अधिक प्रकल्प असमाधानकारक असल्याचे सांगितले होते. या दोन दडपणांखाली २२ सप्टेंबर १९९३ रोजी संचालक मंडळाने तपासणी पॅनेल स्थापन करण्याचा ठराव केला. बँकेने आपलीच धोरणे मोडली असे ज्या बाधित लोकांना वाटते, त्यांना आपल्या सरकारला वगळून थेट बँकेकडे तक्रार करता येईल, ही आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत नवी गोष्ट होती. मोर्स आयोगाचा निष्कर्ष बँकेने मतदानात नाकारला आणि आयोगाची पद्धत कायमस्वरूपी स्वीकारली. पहिले घडले कारण कर्जदार देश एकजूट होते, दुसरे घडले कारण देणगीदाराने तिजोरी अडवली. पुराव्याचे बळ दोन्ही वेळी तेवढेच होते.

पॅनेलपुढचे पहिलेच प्रकरण नेपाळमधील अरुण-३ जलविद्युत प्रकल्पाचे होते आणि बँकेचे नवे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांनी १९९५ मध्ये त्यातून माघार घेतली. महाराष्ट्रालाही या यंत्रणेचा अनुभव आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात रेल्वेमार्ग आणि रस्ते रुंद करताना हटवल्या गेलेल्या रहिवाशांनी आणि दुकानदारांनी २००४ मध्ये पॅनेलकडे तक्रारी केल्या. अहवाल आल्यावर मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचे पैसे काही महिने रोखले. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यावरचा दुकानदार आणि मणिबेलीचा धरणग्रस्त एकमेकांना कधी भेटले नसतील, पण पहिल्याच्या अर्जाला वाट दुसऱ्याने करून दिली होती.

धरणांपासून मात्र बँक काही काळ दूरच राहिली. १९९७ मध्ये स्वित्झर्लंडमधील ग्लांड येथे तिने समर्थक आणि विरोधक यांना एकत्र बसवले आणि त्यातून जागतिक धरण आयोग उभा राहिला. मेधा पाटकर त्याच्या सदस्य होत्या. भारताने १९९८ मध्ये या आयोगाची सुनावणी आपल्या भूमीवर होऊ दिली नाही आणि ती कोलंबोला घ्यावी लागली. नोव्हेंबर २००० मध्ये अहवाल आला तेव्हा त्याच्या शिफारशी बंधनकारक मानायला बँकही तयार झाली नाही. चीनसारख्या देशांकडे स्वतःचा पैसा होता, बँकेची गरज नव्हती, आणि ग्राहक गमावण्याची भीती बँकेला आता अधिक वाटू लागली होती.

खोऱ्यात काय झाले? बँकेची माघार हा आंदोलनाचा मोठा विजय मानला गेला आणि १९९४ मध्ये ४४ देशांतील संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाला विरोध करणाऱ्या जाहीरनाम्याला मणिबेलीचे नाव दिले. पण धरणाचे काम थांबले नाही. गुजरातच्या सरदार सरोवर नर्मदा निगमने १९९३ च्या अखेरीस बाजारात रोखे आणले. ३,६०० रुपये आज द्या आणि वीस वर्षांनी १,११,००० घ्या, असा त्यांचा वायदा होता. या सावकाराने सातबारा नसलेल्या शेतकऱ्याविषयी कोणतीही अट घातली नव्हती. कर्ज कराराची पुनर्वसनाची बंधने परतफेड होईपर्यंत कायदेशीरदृष्ट्या उभी होती, पण ती पाळली जातात का हे पाहायला येणारे पथक आता कमी होत गेले. मणिबेलीतील शूलपाणेश्वराचे देऊळ पाण्याखाली गेले. सर्वोच्च न्यायालयात १९९४ मध्ये याचिका दाखल झाली, १९९५ मध्ये ८०.३ मीटरवर बांधकाम थांबले आणि ऑक्टोबर २००० मध्ये दोन विरुद्ध एक अशा मतांनी ते पुन्हा पुढे गेले. २०१७ मध्ये दरवाजे बंद होऊन धरण १३८.६८ मीटरला पोहोचले.

तपासणी पॅनेलच्या नियमांत २०२० पर्यंत एक अट होती : कर्ज बंद झाले असेल किंवा त्यातील ९५ टक्के रक्कम दिली गेली असेल, तर त्या प्रकल्पाबाबत तक्रार घेतली जात नसे. पॅनेलचे काम १९९४ मध्ये सुरू झाले तेव्हा सरदार सरोवराचे कर्ज रद्द होऊन वर्ष उलटले होते. ज्यांच्यामुळे हे दार उघडले, त्या नर्मदाकाठच्या माणसांना त्यातून आत जाता आले नाही.